दीर्घिकांचा गोतावळा

१८ मार्च १७८१ च्या एका रात्रीत पॅरिसच्या शार्ल मेसिएने आपल्या यादीत नऊ नव्या नोंदी केल्या. त्याला खरे तर धूमकेतू हवे होते. धूमकेतू दुर्बिणीत पहिल्यांदा दिसतो तो पुसट डागासारखा, आणि आकाशात असे पुसट डाग कायमचेही पुष्कळ आहेत. त्यांच्यापायी फसगत होऊ नये म्हणून तो त्यांची यादी करत होता. त्या रात्रीच्या नऊ डागांपैकी आठ कन्या राशीत आणि तिच्या उत्तरेला लागून असलेल्या अरुंधती केश या तारकासमूहात होते. कन्येच्या या भागात असे डाग फार दाटीने आहेत, अशी टीप त्याने यादीत घातली आणि तो पुन्हा धूमकेतूंच्या मागे लागला. दीर्घिका एकेकट्या न राहता घोळक्याने राहतात, याची ही अगदी सुरुवातीची नोंद. ती करणाऱ्याला दीर्घिका म्हणजे काय हेच माहीत नव्हते. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे ते कुणालाच खात्रीने माहीत नव्हते.

या डागांना तेव्हा तेजोमेघ म्हणत. १८४५ मध्ये लॉर्ड रॉसने आयर्लंडमधल्या बर या गावी सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली आणि ती मेसिएच्या यादीतल्या ५१ क्रमांकाच्या तेजोमेघाकडे वळवली. त्यात मध्यापासून निघून वळसे घेत बाहेर गेलेले फाटे दिसले. आकाशाची छायाचित्रे घेण्याची सोय अजून नव्हती. रॉसने ते हाताने काढले. हे चित्र पाहून लोक चकित झाले, पण ही वस्तू किती दूर आहे हे कळत नव्हते, आणि अंतर कळल्याशिवाय ती किती मोठी आहे हेही कळणार नव्हते. आपल्या आकाशगंगेतलाच वायूचा एखादा भोवरा, की आकाशगंगेसारखेच दुसरे एक विश्व?

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये यावर जाहीर वाद झाला. हार्लो शॅप्ली म्हणत होता की आकाशगंगा इतकी प्रचंड आहे की तिच्याबाहेर असे आणखी काही मानण्याची गरज नाही. हेबर कर्टिसचे म्हणणे, हे तेजोमेघ स्वतंत्र आहेत आणि फार दूर आहेत. सूर्य आकाशगंगेच्या मध्यावर नाही हे शॅप्लीचे बरोबर ठरले आणि तेजोमेघांबद्दलचे कर्टिसचे बरोबर ठरले. निकाल मात्र त्या सभेत लागला नाही. तो लागला ऑक्टोबर १९२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर. एडविन हबलने देवयानी तेजोमेघाच्या छायाचित्राच्या काचेवर एका ठिपक्याजवळ नवतारा अशी खूण केली होती. जुन्या काचांशी ताडून पाहताना तोच तारा ठरावीक दिवसांनी उजळतो आणि मंदावतो हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आधीची खूण खोडली आणि तिथे रूपविकारी तारा असल्याची नोंद उद्गारचिन्हासह केली. अशा सेफीड ताऱ्यांचा मंदावण्या-उजळण्याचा काळ मोजला की त्यांचे खरे तेज कळते, हे हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ पर्यंत सिद्ध केले होते. खरे तेज आणि दिसणारे तेज यांच्यातल्या फरकावरून अंतर निघते. हबलचा आकडा नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आला. आजचा आकडा २५ लाख आहे, म्हणजे हबलचे गणित बरेच चुकले होते. पण वाद मिटवायला नऊ लाखही पुरेसे होते. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. देवयानी तिच्या पार बाहेर होती.

बाहेर एक दीर्घिका आहे म्हटल्यावर बाहेर लाखो आहेत हे ओघानेच आले. मग त्यांची वर्गवारी करणे भाग होते. हबलने १९२६ मध्ये ती मांडली आणि १९३६ च्या आपल्या पुस्तकात ती नादकाट्याच्या आकृतीत बसवली. काट्याच्या दांड्यावर लंबवर्तुळाकार दीर्घिका: अगदी गोल दिसणारीपासून चांगल्याच चपट्या दिसणारीपर्यंत, शून्य ते सात असे क्रमांक दिलेल्या. दांडा जिथे दुभंगतो तिथे भिंगाकार दीर्घिका. पुढे दोन फाटे. एका फाट्यावर साध्या सर्पिल दीर्घिका, दुसऱ्यावर मध्यातून ताऱ्यांचा सरळ दंड गेलेल्या सर्पिल दीर्घिका. दोन्ही फाट्यांवर पुढे जावे तसा मधला फुगवटा लहान होत जातो आणि भुजा सैल होत जातात. कुठेच न बसणाऱ्या त्या अनियमित.

ही आकृती आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि तिच्याइतकी दिशाभूलही क्वचितच कोणत्या आकृतीने केली असेल. डावीकडून उजवीकडे पाहिले की वाटते, दीर्घिका गोल जन्मते, चपटी होते आणि शेवटी तिला भुजा फुटतात. हबलने स्वतः हा काळाचा क्रम नाही असे सांगितले होते, पण नावे मात्र त्याने 'आधीच्या' आणि 'नंतरच्या' अशीच ठेवली. खगोलशास्त्रज्ञ ती अजून वापरतात आणि विद्यार्थी अजून गोंधळतात. खरा प्रवास, आज आपल्याला कळतो त्याप्रमाणे, बहुधा उलट्या दिशेने होतो. ते कसे, याकडे येण्याआधी या प्रकारांची नीट ओळख करून घेऊ.

सर्पिल दीर्घिका म्हणजे मुळात फिरणारी पातळ तबकडी. तिच्यात वायू आणि धूळ भरपूर असते, म्हणून नवे तारे अजूनही जन्मत असतात. नव्या ताऱ्यांतले सर्वांत मोठे तारे निळे आणि अतिशय तेजस्वी असतात, आणि ते थोड्याच काळात संपतात. भुजा निळ्या दिसतात त्या यांच्यामुळे. पण भुजा म्हणजे ताऱ्यांची कायमची रांग नव्हे. तसे असते तर मध्याजवळचे तारे लवकर फेरी पुरी करतात आणि काठाचे मागे पडतात, त्यामुळे भुजा काही फेऱ्यांतच गुंडाळून नाहीशा झाल्या असत्या. १९६४ मध्ये लिन आणि शू यांनी सुचवले की भुजा ही तबकडीतून फिरणारी दाटीची लाट आहे. तारे आणि वायू त्या लाटेत शिरतात, दाटीत वायू दाबला जाऊन तारे बनतात, आणि सगळे पुन्हा बाहेर पडतात. आपला सूर्यही असाच आत-बाहेर करत आकाशगंगेच्या मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवरून फेरी मारतो. एका फेरीला त्याला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात. आपली आकाशगंगा दंडयुक्त सर्पिल प्रकारातली आहे. आपण तिच्या तबकडीतच, धुळीच्या आड राहत असल्यामुळे शेजारच्या देवयानीचा आकार आधी कळला आणि स्वतःच्या घराचा नंतर.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेत यातले जवळजवळ काहीच नसते. तारे म्हातारे, पिवळसर-तांबूस. थंड वायू नगण्य, म्हणून नवे तारे जवळपास नाहीत. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तारे एका दिशेने फिरतही नाहीत. प्रत्येकाची कक्षा वेगळी, वेगळ्या पातळीत. मेसिएच्या त्या रात्रीच्या यादीतली ८७ क्रमांकाची नोंद ही अशीच एक राक्षसी दीर्घिका. ती सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या गाभ्यात साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, आणि १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराचे जे पहिले चित्र पाहिले ते याचेच. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातले कृष्णविवर चाळीस लाख सूर्यांचे आहे, यावरून फरक लक्षात यावा. या प्रकाराच्या वर्गवारीत एक गोम आहे. पोळीसारखी चपटी वस्तू वरून पाहिली तर गोलच दिसते. त्यामुळे हबलचे शून्य ते सात हे क्रमांक दीर्घिकेइतकेच आपण तिला कुठून पाहतो याबद्दलही सांगतात.

भिंगाकार दीर्घिकांना तबकडी असते, पण भुजा नसतात आणि वायूही फारसा नसतो. अनियमित दीर्घिकांची ठळक उदाहरणे म्हणजे मॅगेलनचे दोन मेघ, मोठा सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आणि छोटा दोन लाखांवर. ते दक्षिण ध्रुवाकडे इतके झुकलेले आहेत की मोठा मेघ महाराष्ट्रातून क्षितिजाच्या धुरक्यातून वर निघतच नाही; तो पाहायला कन्याकुमारी गाठलेली बरी. या सगळ्यांहून संख्येने जास्त असलेल्या खुज्या दीर्घिकांना मात्र हबलच्या आकृतीत नीट जागाच नाही. त्या इतक्या मंद असतात की आकाशगंगेभोवती घिरट्या घालणाऱ्या अशा दीर्घिका आजही नव्याने सापडत आहेत.

आता मूळ प्रश्न. एखादी दीर्घिका सर्पिल होते आणि दुसरी लंबवर्तुळाकार, हे कशावरून ठरते?

याचे पहिले प्रायोगिक उत्तर संगणकाच्या आधीचे आहे आणि त्याचे कौतुक कधी पुरे होत नाही. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्गला दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल हे पाहायचे होते. इतक्या वस्तूंच्या परस्पर गुरुत्वाचे गणित हाताने करणे अशक्य. पण प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात. होल्मबर्गने दोन दीर्घिकांसाठी प्रत्येकी ३७ दिवे टेबलावर मांडले. प्रत्येक दिव्याच्या जागी किती प्रकाश पडतो हे प्रकाशविद्युत घटाने मोजले, तेवढे गुरुत्व मानले, दिवे त्याप्रमाणे सरकवले आणि पुन्हा मोजले. या दिव्यांच्या खेळातून दीर्घिका एकमेकींना ओढतात, त्यांचा आकार बिघडतो आणि त्या एकमेकींत अडकू शकतात हे दिसले. १९७२ मध्ये अलार आणि यूरी टूम्रे या भावांनी तेच संगणकावर केले. आकाशात दिसणारे लांबलचक शेपटे अशा जवळिकीतून निघतात हे त्यांनी दाखवले. समान वजनाच्या दोन सर्पिल दीर्घिका एकरूप झाल्या तर दोन्ही तबकड्या मोडतात, ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात, वायू एका झपाट्यात तारे बनवून संपतो. उरते ती लंबवर्तुळाकार दीर्घिका.

म्हणजे आकार हा शेजारावर अवलंबून आहे. ही गोष्ट आकड्यांनी पक्की केली ॲलन ड्रेसलरने १९८० मध्ये. त्याने दीर्घिकांचे ५५ दाट समूह घेतले, त्यांतल्या सुमारे सहा हजार दीर्घिकांचे प्रकार ठरवले आणि प्रत्येकीच्या आसपास किती गर्दी आहे हे मोजले. विरळ भागात दहातल्या आठ दीर्घिका सर्पिल किंवा अनियमित निघाल्या. समूहाच्या दाट गाभ्यात सर्पिल दीर्घिका दहात एखादी. बाकी सगळ्या लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आलेख आहे, नादकाट्याहूनही. दीर्घिकेचा पत्ता सांगा, तिचा प्रकार बऱ्यापैकी अचूक सांगता येतो.

यामागचे कारण मात्र वाटते तितके सरळ नाही. गर्दीत टकरा जास्त, म्हणून लंबवर्तुळाकार दीर्घिका जास्त, असे म्हणावेसे वाटते. पण मोठ्या समूहात दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटरच्या वेगाने धावत असतात. इतक्या वेगात दोघी जवळून गेल्या तरी एकमेकींना धरून ठेवू शकत नाहीत. विलीनीकरणाला मंद वेग लागतो, आणि तो छोट्या गटांत असतो. बरेचसे विलीनीकरण समूहात पडण्यापूर्वी, लहान गटांतच उरकलेले असते. समूहात शिरल्यावर दीर्घिकेवर वेगळा प्रसंग येतो. समूहाची सारी जागा कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली असते. त्यातून वेगाने जाणाऱ्या सर्पिल दीर्घिकेचा स्वतःचा थंड वायू मागच्या मागे खरवडून निघतो. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये हे गणिताने मांडले, आणि आज नॉर्मा समूहातल्या एका दीर्घिकेमागे असा वायूचा लांब शेपटा क्ष-किरणांत स्पष्ट दिसतो. वायू गेला की नवे तारे थांबतात, भुजा विझतात, तबकडी तेवढी राहते. भिंगाकार दीर्घिकांतल्या बऱ्याच अशा बनल्या असाव्यात.

याला काळाचाही पुरावा आहे. दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे. १९७८ मध्ये बुचर आणि ओएमलर यांनी काही अब्ज प्रकाशवर्षांवरच्या समूहांत निळ्या दीर्घिका आजच्या समूहांपेक्षा जास्त असल्याचे दाखवले. तेव्हा तिथे वायू शिल्लक होता.

पण आकाश नियमांना फार काळ निवांत बसू देत नाही. २०२५ च्या अखेरीस पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी तिचे नाव अलकनंदा ठेवले. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय फक्त दीड अब्ज वर्षे होते. त्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, ढेकळांसारख्या असाव्यात अशी समजूत होती. अलकनंदेला दोन सुबक भुजा आहेत आणि तिच्या ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे दहा अब्ज सूर्यांइतके आहे. इतक्या लवकर इतकी घडी कशी बसली, याचे उत्तर अजून पक्के झालेले नाही. ती दिसली तीही एका समूहाच्या दिशेने. एबेल २७४४ हा समूह आपल्या आणि तिच्या मध्ये आहे, आणि त्याच्या गुरुत्वामुळे मागून येणारा प्रकाश वाकून काहीसा उजळ होतो.

एबेल हे नाव या विषयात पदोपदी भेटते. जॉर्ज एबेलने पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणाच्या काचा डोळ्यांनी तपासून १९५८ मध्ये २,७१२ दाट समूहांची सूची केली. पण समूहाचे वजन करण्याचा पहिला प्रयत्न त्याच्या आधीचा. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीने अरुंधती केशातल्या समूहाकडे पाहिले. हा समूह बत्तीस कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे आणि त्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. झ्विकीला त्यांचे वेग फार जास्त आढळले. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वात एवढ्या वेगाच्या दीर्घिका बांधून ठेवण्याची ताकद नव्हती. समूह केव्हाच उधळून जायला हवा होता. तिथे न दिसणारे द्रव्य भरपूर असले पाहिजे, असे त्याने लिहिले. झ्विकीचा स्वभाव फटकळ, सहकाऱ्यांशी कायम वाद. या निष्कर्षाकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले त्याला हेही एक कारण असावे. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका सर्पिल दीर्घिकेच्या फिरण्यातही तेच दाखवले, तेव्हा हे न दिसणारे कृष्णद्रव्य टाळता येईना. आजच्या हिशेबात मोठ्या समूहाच्या वस्तुमानापैकी तारे काही टक्के, तापलेला वायू दहा-पंधरा टक्के आणि उरलेले पाच-षष्ठांश कृष्णद्रव्य. ज्या दीर्घिकांच्या नावाने समूह ओळखतो, त्या त्याच्या वजनात जवळजवळ नगण्य.

आपण स्वतः कुठल्या समूहात नाही. आपला आहे तो छोटा गट. आकाशगंगा, देवयानी, त्रिकोणातली एक मध्यम सर्पिल दीर्घिका आणि यांच्याभोवतीच्या खुज्या मिळून ऐंशीच्या आसपास सभासद, आणि पसारा सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांचा. देवयानी आपल्याकडे सेकंदाला ११० किलोमीटर वेगाने येत आहे. चार-पाच अब्ज वर्षांनी दोघींची टक्कर ठरलेलीच, असे गेली काही वर्षे छातीठोकपणे सांगितले जाई. २०२५ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या टिल सावला यांच्या गटाने गाया आणि हबल दुर्बिणींची ताजी मोजमापे घेऊन पुन्हा गणित केले, तेव्हा पुढच्या दहा अब्ज वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता निम्मीच निघाली. त्रिकोणातली दीर्घिका आणि मोठा मॅगेलन मेघ यांची ओढही त्यात येते. ज्या पुस्तकांत टक्कर अटळ म्हणून छापली आहे, तिथे आता दुरुस्ती हवी.

आपला गट मेसिएने टिपलेल्या कन्येतल्या दाटीच्या, म्हणजे कन्या समूहाच्या, दूरच्या वेशीवर आहे, आणि कन्या समूहासह आणखी शेकडो गट-समूह एका महासमूहात येतात. हा पसारा कळायला आकाशाचे चपटे छायाचित्र पुरत नाही, खोलीही लागते. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणून तांबड्याकडे सरकतो. ही ताम्रसृती मोजली की अंतर मिळते. १९८६ मध्ये व्हॅलरी द लापरां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाची फक्त सहा अंश रुंद पट्टी घेतली, कलिंगडाची एक फोड काढावी तशी, आणि तिच्यातल्या अकराशे दीर्घिकांची अंतरे मांडली. दीर्घिका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. त्या पातळ पडद्यांवर आणि धाग्यांवर होत्या आणि मध्ये प्रचंड पोकळ्या होत्या. अशी एक पोकळी स्वातीच्या भूतप तारकासमूहाच्या दिशेने १९८१ मध्येच सापडली होती. तिचा व्यास सुमारे तेहतीस कोटी प्रकाशवर्षे आहे आणि एवढ्या जागेत जवळजवळ काहीच नाही. एकच मोठी पोकळी म्हणजे अपवाद, असे तोवर म्हणता येत होते. त्या फोडीनंतर नाही.

पुढचे काम स्लोन सर्वेक्षणाने केले, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर, २००० सालापासून. ॲल्युमिनियमच्या तबकडीला शेकडो भोके पाडायची, प्रत्येक भोक नेमक्या एका दीर्घिकेच्या जागी, आणि तंत्रज्ञांनी दिवसा त्यांत हाताने एकेक प्रकाशतंतू खोचायचा. रात्री एका दमात शेकडो दीर्घिकांचे वर्णपट मिळत. हे काम आता यंत्रे करतात. किट पीक वेधशाळेतल्या डेसी उपकरणात पाच हजार तंतू आपापल्या जागी स्वतः सरकतात. पण विश्वाच्या नकाशाचा पहिला मोठा भाग हातांनी खोचलेल्या तंतूंतून आला आहे.

स्लोनच्या याच माहितीतून जुलै २०१७ मध्ये पुण्यात एक महासमूह बाहेर आला. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले जॉयदीप बागची आणि सोमक रायचौधुरी, पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेतले शिशिर सांख्यायन, आणि जमशेदपूर व केरळमधल्या सहकाऱ्यांनी खगोलीय विषुववृत्ताच्या एका पट्ट्यातल्या दीर्घिका तपासल्या. मीन राशीच्या दिशेने, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर, त्यांना ४३ गट-समूहांची एक साखळी दिसली. साठ कोटी प्रकाशवर्षांहून लांब, वजन सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांचे. तिला सरस्वती नाव दिले. आयुकाचे तेव्हाचे संचालक रायचौधुरी यांच्या दृष्टीने हा योग मोठा होता. केंब्रिजमध्ये संशोधन करताना १९८९ मध्ये त्यांनी असाच एक जवळचा आणि दाट महासमूह नकाशावर आणला होता आणि त्याला वॉशिंग्टनच्या वादातल्या त्याच शॅप्लीचे नाव दिले होते.

सरस्वतीचे महत्त्व तिच्या आकारापेक्षा तिच्या वयात आहे. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या तीन-चतुर्थांशांच्या आसपास होते. आज दिसणारे वैश्विक जाळे विश्वाच्या बालपणातल्या फार सूक्ष्म चढउतारांतून वाढले. तेव्हाचा घनतेतला फरक लाखात एक भागाएवढा. जिथे कृष्णद्रव्य किंचित जास्त होते तिथे ते आणखी ओढले गेले, आधी पडदे, मग धागे, मग धाग्यांच्या गाठी. गाठीत समूह, गाठींच्या मोळीत महासमूह. यातला आधी पडदा हा क्रम याकोव्ह झेल्डोविचने १९७० मध्ये मांडला होता. एवढी मोठी गाठ इतक्या आधी बांधली जाणे ही या वाढीच्या गणिताची कसोटी आहे.

महासमूह या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नये. समूह गुरुत्वाने खरोखर बांधलेला असतो. महासमूह बहुतेक वेळा नसतो. ब्रेंट टली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दीर्घिकांच्या प्रवाहांवरून आपल्या महासमूहाची हद्द आखली आणि त्याला हवाईच्या भाषेतले लानियाकेया हे नाव दिले. पन्नास कोटींहून अधिक प्रकाशवर्षांचा हा पसारा, वजन सुमारे दहा कोटी अब्ज सूर्य. विश्वाच्या वाढत्या वेगाच्या प्रसरणात तो एकत्र राहणार नाही, विखरून जाईल. सरस्वतीचाही गाभ्याचा भागच गुरुत्वाने बांधलेला आहे. मोठ्यात मोठ्या रचनेचा विक्रम मोडल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. तेव्हा ती रचना बांधलेली आहे की नकाशावर नुसती ओळीत दिसते, एवढे पाहून मगच त्यांना मान द्यावा.

या सगळ्यात एक काम असे आहे की ज्याला दुर्बीण लागत नाही. स्लोनच्या छायाचित्रांतल्या लाखो दीर्घिकांचे प्रकार ठरवायला माणसे पुरेनात, म्हणून जुलै २००७ मध्ये गॅलेक्सी झू हा उपक्रम सर्वांसाठी खुला झाला आणि पहिल्या वर्षातच दीड लाख लोकांनी पाच कोटींवर उत्तरे दिली. नेदरलंड्समधल्या हॅनी व्हॅन आर्केल या शिक्षिकेला त्यात वायूचा एक चमकता हिरवट ढग सापडला आणि तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. २०२४ पासून युरोपच्या युक्लिड दुर्बिणीची चित्रेही तिथे येऊ लागली आहेत. पहिला प्रश्न असा असतो: दीर्घिका गुळगुळीत आहे की तिला तबकडी आहे? मग दंड आहे का, भुजा किती, दुसऱ्या दीर्घिकेशी भिडते आहे का. मोबाईलवर, गॅलेक्सी झू जिथे चालतो ते झूनिव्हर्सचे संकेतस्थळ उघडा आणि सुरुवात करा. हे प्रकरण वाचल्यावर त्यातल्या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला देता येतील, आणि ती कुणाच्या तरी संशोधनात वापरली जातील.